सोसायटीचा आपत्कालीन फलक: नंबर मोजकेच ठेवा, मोठी जागा पत्त्याला द्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पार्किंगवर सात मजले, दोन विंग. रात्री बाराच्या सुमारास बी विंगच्या मीटर रूममधून धूर यायला लागला. कुणी 101 लावला, कुणी 112, दोघं-तिघं वीज कंपनीच्या मागे लागले. बंब आला, पण मागच्या गल्लीत जाऊन थांबला. तिथलं गेट कुलूपबंद, किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला. इजा कुणाला झाली नाही. आता कमिटीला प्रत्येक विंगमध्ये आपत्कालीन नंबरांचा फलक लावायचाय, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी लांबलचक यादी हातात आहे आणि त्यातले कुठले नंबर छापायचे हे तुम्ही विचारताय.

मी महापालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागलो आणि केंद्र अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं नियंत्रण कक्षात फोनवर होतो, त्यामुळे या प्रकाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. तुमच्याकडे त्या रात्री नंबर चुकलाच नव्हता. 101 लागला, 112 लागला, गाडी निघाली आणि आलीसुद्धा. वेळ गेला तो पत्त्यात आणि कुलपात. सरकारी सेवा तुमच्या गेटपर्यंत येते, गेटपासून मीटर रूमपर्यंतचं काम सोसायटीचं. पंचवीस नंबरांचा फलक लावलात तरी पुढच्या वेळी गाडी त्याच गल्लीत उभी राहील.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही मोठ्या महापालिकेत आहात की नगरपरिषदेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मोठ्या शहरात अग्निशमन केंद्रं जागोजागी असतात. छोट्या गावात एकच केंद्र, एकच बंब, आणि तो दुसऱ्या वर्दीवर, म्हणजे आगीच्या दुसऱ्या कॉलवर, गेला असेल तर शेजारच्या गावाहून मागवावा लागतो. इमारत कधीची, मंजूर नकाशात आगीसाठी कुठली यंत्रणा दाखवली होती, यानेही पुष्कळ फरक पडतो. तुमच्या सात मजल्यांना रायझर (मजल्यामजल्यावर पाणी नेणारा उभा पाइप) आणि होज रील (गुंडाळलेली पाण्याची नळी) असणार असं गृहीत धरून पुढचं लिहितो.

आधी नंबर संपवू. आगीसाठी 101. 112 हा संपूर्ण देशाचा एकत्रित क्रमांक आहे, महाराष्ट्रात 2021 पासून सुरू आहे आणि पोलीस, आग, रुग्णवाहिका या तिन्हींसाठी चालतो. पण 112 चा फोन आधी राज्याच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून माहिती स्थानिक यंत्रणेकडे जाते. आगीच्या बाबतीत ही मधली एक पायरी आहे, म्हणून माझ्या मते आधी 101. तो लागला नाही, किंवा मोबाइलवरून भलत्याच शहराच्या कक्षात लागला (दोन महापालिकांच्या हद्दीवर असं होतं), तर लगेच 112. भांडण, चोरी, जिन्यात अनोळखी माणूस, बाईमाणसाला त्रास, यासाठी सरळ 112. रुग्णवाहिकेसाठी 108. वीज कंपनीसाठी महावितरणचा 1912, आणि तुमची कंपनी वेगळी असेल तर बिलावर छापलेला तक्रार क्रमांक. सिलिंडर गळतीसाठी 1906. पाइप गॅस असेल तर त्याही कंपनीचा आणीबाणीचा क्रमांक बिलावरच असतो.

या सगळ्यांपेक्षा मोलाचा एक क्रमांक त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत नसणार, तो म्हणजे तुमच्या जवळच्या अग्निशमन केंद्राचा थेट दूरध्वनी. तो मिळवायला कमिटीतल्या दोघांनी केंद्रावर जाऊन या. जाताना सोसायटीचा साधा नकाशा घेऊन जा. केंद्रावरच्या माणसांना हद्दीतली इमारत आधीच माहीत असणं किती उपयोगाचं असतं ते बाहेरून कळत नाही. चहा पाजतील, आणि ड्रायव्हर तुम्हालाच विचारेल की मागच्या गल्लीतून आत येता येतं का.

यादीतले बाकीचे क्रमांक खोटे आहेत असं नाही. सायबर फसवणुकीसाठी 1930, अडचणीतल्या मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, ज्येष्ठांसाठी 14567, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077, मुंबईत महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा 1916, हे सगळे उपयोगी आहेत. पण ते घरात बसून, विचार करून लावायचे फोन आहेत. त्यांचा वेगळा कागद करा, सोसायटीच्या ग्रुपवर टाका, नोटीस बोर्डावर लावा. लिफ्टजवळच्या फलकावर, धुरात डोळे चोळत वाचायच्या जागी, ते नकोत.

आता फोनवर प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. नियंत्रण कक्षातलं हे संभाषण मी किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही.

‘अग्निशमन दल, बोला.’

‘अहो लवकर या, आग लागलीये!’

‘कुठे?’

‘आमच्या सोसायटीत!’

‘सोसायटीचं नाव?’

‘साईकृपा!’ आणि फोन बंद.

एका शहरात साईकृपा किती असतात याचा अंदाज तुम्हीच करा. त्यात निम्म्या इमारतींच्या दोन-दोन ओळखी: कागदावर एक नाव, बिल्डरच्या पाटीवर दुसरं. लोक खुणाही अशा सांगतात की ‘ते जुनं थिएटर होतं ना, त्याच्या मागे’. थिएटर पडून मॉल झाला आणि फोन घेणारा मुलगा नोकरीला लागला तो मॉल झाल्यावर. म्हणून फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत तुमचाच पत्ता हवा, आणि तोही फोनवर जसा बोलायचा तसाच लिहिलेला. सोसायटीचं पूर्ण नाव, रस्ता, भाग, आजही जागेवर असलेली खूण, आणि ‘गाडी अमुक रस्त्यावरच्या मेन गेटने आणा, मागच्या गल्लीतून रस्ता नाही’. स्वतःच्या घराचा पत्ता फलकावर कशाला, असं कमिटीत कुणीतरी म्हणेलच. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा फ्लॅट नंबर आठवत नाही हे मी ऐकलेलं आहे. शिवाय फोन करणारा पाहुणा असू शकतो, घरकामाच्या ताई असू शकतात, कुरिअरवाला असू शकतो.

पत्ता कळला की केंद्रावर घंटा होते. त्यानंतरच्या प्रश्नांवर लोक चिडतात, ‘आधी गाडी पाठवा, मग चौकशी करा’ म्हणून ओरडतात. पण गाडीची हालचाल तोवर सुरू झालेली असते आणि प्रत्येक प्रश्नाला कारण असतं. काय जळतंय हे कळलं की विजेची आग आहे की गॅसची हे गाडीवरच्यांना वाटेतच समजतं. इमारत किती मजल्यांची आणि धूर कितव्या मजल्यावर, यावरून शिडीची गाडी आणि जादा श्वसनयंत्रं सोबत न्यायची का ते ठरतं. आत कुणी अडकलंय का, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यावरून कामाचा क्रम बदलतो. कक्षातून ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. नंतरही तो फोन रिकामा ठेवा, कारण वाट सापडली नाही तर गाडीवरून त्याच नंबरला फोन येतो आणि तो हमखास एंगेज लागतो. फोन करणारा तोवर मेव्हण्याला हकिगत सांगत असतो.

एकाच आगीचे दहा फोन आले तरी कक्षाला त्रास होत नाही. ‘कुणीतरी केलाच असेल’ असं धरून कुणीच न केलेल्या फोनची पंचाईत मोठी.

तुमच्याकडे बंब मागच्या गल्लीत का गेला असेल, याचा माझा अंदाज: मोबाइलच्या नकाशातला ठिपका. ठिपका प्लॉटच्या मधोमध किंवा बी विंगवर पडलेला असतो, आणि त्याला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे मागची गल्ली. नकाशात मेन गेटची जागा दुरुस्त करून घ्या, ते सोसायटीतलं कुठलंही कॉलेजचं पोरगं करेल. पण त्यावर विसंबू नका. फोन झाला की एक माणूस बॅटरी घेऊन मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गेला पाहिजे. हे काम वॉचमनला देऊ नका, त्याने गेट सोडता कामा नये. पहिल्या मजल्यावरचे दोन-तीन तरुण आधीच ठरवून ठेवा.

आतली वाट हा वेगळा विषय आहे. बंबाची रुंदी साधारण अडीच मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता इमारतीभोवती 6 मीटर मोकळी, कठीण पृष्ठभागाची जागा मागते, 45 टनांपर्यंतच्या गाडीचं वजन पेलेल अशी. कागदावर ती जागा तुमच्याकडेही असेल. प्रत्यक्षात तिथे पार्किंगचे पट्टे मारलेत का, पेव्हर ब्लॉकखाली टाकी आहे का, गेटच्या कमानीखालून उंच गाडी जाते का, हे रात्री अकरानंतर सगळ्या गाड्या लागल्यावर एकदा चालत बघा. दुपारी बघून उपयोग नाही. आणि गेटजवळच्या भिंतीलगत लाल रंगाचं जोडणीचं तोंड असेल, ज्यातून आम्ही बाहेरून रायझरमध्ये पाणी भरतो. त्याच्यासमोर हमखास कुणाची तरी बुलेट उभी असते.

किल्ल्यांबद्दल एकच नियम पाळा. मागचं गेट, पंप रूम, मीटर रूम आणि कुलूप असेलच तर गच्ची, या चारही किल्ल्या वॉचमनच्या केबिनमध्ये, काचेच्या पेटीत, नावाच्या चिठ्ठीसह. ‘सेक्रेटरींकडे आहे’ हे उत्तर बाद. गच्चीच्या दारावरून कमिट्यांमध्ये भांडणं होतात हे मला माहीत आहे. टाकीजवळ मुलं जातात, चोर येतात, म्हणून कुलूप लागतं. माझं मत स्पष्ट आहे: गच्चीला आतून कडी चालेल, कुलूप नको. धूर वर चढतो, माणूसही घाबरून वर पळतो, आणि बंद दाराशी दोघांची गाठ पडते.

आता तुमच्या मीटर रूमबद्दल, कारण यातच खरी मेख आहे. इमारत बांधली तेव्हा घराला एखादा एसी धरलेला असतो, आज तीन-तीन आहेत. केबल तीच. सैल झालेला जोड तापतो, आवरण वितळतं आणि आधी धूर येतो. त्याच खोलीत जुने पंखे, रंगाचे डबे आणि गणपतीच्या सजावटीचं थर्माकोल ठेवलेलं असेल तर मग आग. अशा आगीवर पाणी टाकायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बादली घेऊन धावणारा एक जण निघतोच. आग नुकतीच पेटली असेल आणि दारातूनच मारता येत असेल तर कार्बन डायऑक्साइडचं किंवा कोरड्या पावडरीचं यंत्र मारा. खोली धुराने भरली असेल तर आत पाऊल टाकू नका. तिथली वीज वीज कंपनीचा माणूस बाहेरच्या फीडर पिलरवरून (रस्त्यालगतच्या वीजवाटपाच्या पेटीतून) तोडेल. छोटं यंत्र काही सेकंदांत रिकामं होतं, म्हणून त्याच्या जिवावर फोन करायचं टाळू नका. फोन आधी.

अशा प्रसंगी आणखी एक गोष्ट फसवते. मीटर रूममधून वर जाणाऱ्या केबलच्या डक्टला (उभ्या पोकळ मार्गाला) मजल्यामजल्यावर बंदिस्त केलेलं नसेल तर धूर तळात दिसतच नाही, तो पाचव्या मजल्यावर बाहेर पडतो. मग वर्दी येते ‘पाचव्या मजल्यावर आग’. जवान होज घेऊन पाचव्यावर चढतात आणि जळत असतं तळमजल्यावर. त्यामुळे फोन करताना ‘धूर दिसतोय’ आणि ‘ज्वाळा दिसताहेत’ हे वेगळं सांगा. आणि डक्टची भोकं आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवून घ्या. खर्च फार नाही, पण कुणाच्या लक्षात येत नाही.

जिन्यात धूर भरला असेल तर वरच्या मजल्यांवरच्यांनी खाली धावू नये. घराचं दार बंद, फटीत ओला टॉवेल, सगळ्यांनी रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीत किंवा खिडकीत, आणि फोनवर फ्लॅट नंबर सांगायचा. पळावंसं वाटतं हे मान्य. पण तुमच्या त्या रात्री बी विंगमधले लोक तोंडाला रुमाल लावून जिन्याने उतरले असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय, ते वाचून मला धडकी भरली. धूर थोडा होता म्हणून निभावलं. जिना स्वच्छ असेल तर जरूर उतरा, जिन्याने, लिफ्टने नाही.

यंत्रणेबद्दल कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे तुमच्या बाबतीत सोसायटीची. परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ‘बी फॉर्म’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, अग्निशमन दलाला द्यायचा असतो. बऱ्याच ठिकाणी एजन्सीचा माणूस येतो, रजिस्टरवर सही होते, फॉर्म जातो आणि पंप कुणी सुरूच करत नाही. तुम्ही एक करा. पुढच्या तपासणीला कमिटीतले दोघं एजन्सीच्या माणसासोबत सातव्या मजल्यावर जा आणि म्हणा, ‘होज उघडा, पाणी दाखवा.’

तेव्हा काय काय निघतं ते मी पाहिलंय. होज बॉक्स उघडला तर आत झाडू. होज आहे पण पुढची पितळी ब्रँच (नळीचं फवाऱ्याचं तोंड) गायब, कारण पितळेला भंगारात भाव असतो. पंपाचा स्विच ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर, कारण गळतीमुळे तो रात्री आपोआप सुरू व्हायचा आणि तळमजल्यावरच्या काकांची झोपमोड व्हायची. गच्चीवरच्या आगीच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात टँकर परवडत नाही म्हणून वापरून संपवलेलं. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे फायर पंपाला वेगळा वीजपुरवठा नसणं. मीटर रूममध्ये आग, म्हणून मेन बंद; मेन बंद, म्हणून पंप बंद. तुमच्याकडे असं आहे का हे याच आठवड्यात वायरमनला विचारा. आग नेमकी मीटर रूममध्येच लागली होती, म्हणून तुमच्यासाठी हा प्रश्न पहिल्या क्रमांकाचा आहे.

गाडी आल्यावर अधिकारी पहिलं विचारतो, ‘आत कुणी आहे का?’ तेव्हा दहा जण दहा उत्तरं देतात. अंथरुणाला खिळलेले, व्हीलचेअरवरचे, एकटे राहणारे वृद्ध, कमी ऐकू येणारे, यांची मजल्याप्रमाणे यादी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा आणि एकाच माणसाने पुढे होऊन ती अधिकाऱ्याच्या हातात द्यायची असं ठरवा. यादी ग्रुपवर टाकू नका. कोण एकटं राहतं ही माहिती बाहेर जायला नको. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यातही करता येते. तिथे चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी पोलीस येऊन विचारपूस करून जातात.

रुग्णवाहिकेलाही हीच तयारी लागू पडते: पत्ता, कोपऱ्यावर माणूस, उघडं गेट. फक्त तुमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का ते आधी मोजून ठेवा. मावत नसेल तर हे 108 वर फोन करतानाच सांगा.

प्रशिक्षणासाठी पैसे देऊन कुणाला बोलावायची घाई करू नका. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजावर स्फोट झाले, त्यात अग्निशमन दलाचे 66 जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो आणि त्या दिवसांत ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं होतात. मार्चमध्येच केंद्रावर अर्ज द्या. प्रात्यक्षिकाला वॉचमन, घरकामाच्या ताया आणि दुपारी घरी असणारी माणसं हवीत, नुसती कमिटी नको. दुपारी आग लागली तर सोसायटीत तीच असतात.

तर फलक असा करा. वरच्या अर्ध्या भागात पत्ता आणि कुठल्या गेटने यायचं ते. त्याखाली आग 101, पोलीस 112, रुग्णवाहिका 108, जवळच्या केंद्राचा थेट क्रमांक, आणि बारीक अक्षरांत वीज व गॅस. सगळ्यात खाली एक ओळ: ‘फोन ठेवू नका. एकाने कोपऱ्यावर जा. किल्ल्या केबिनमध्ये.’ मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहा, कारण रात्रीचा वॉचमन बहुतेक परराज्यातला असतो. एक फलक प्रत्येक विंगच्या तळमजल्यावर, एक केबिनमध्ये. मीटर रूमच्या दारावर नको, धूर तिथूनच येणार आहे. कोपऱ्यात छापल्याची तारीख टाका आणि बी फॉर्मच्या तपासणीच्या दिवशी केंद्राचा थेट क्रमांक एकदा लावून बघा, ते नंबर बदलतात. 101 आणि 112 मात्र उगाच लावून बघू नका.